दप्तरीचाचांची कपाटं

दप्तरीचाचा कपाट उघडण्याआधी त्याच्या दारावर बोटांनी टकटक करायचे. पौडच्या कचेरीत मी नवा कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. विचारलं, तर म्हणाले, "आत उंदीर असंल, पाल असंल, कधी जनावरबी असतंय. आपुन सांगून गेल्यालं बरं. घर तर त्यांचंबी हाय!"

पौडच्या पेठेतलं त्यांचं घर. भावांची दुकानं होती. हे एकटेच नोकरीत शिरले आणि तीस वर्षं कागद सांभाळत राहिले. गावोगावचे कागद लाल कापडात बांधून ठेवलेले असत, त्या गाठोड्यांना आम्ही रुमाल म्हणायचो. ते ठेवायला चार सागवानी कपाटं होती, बुटकी, जाळीच्या दारांची. चाचांनी ती भिंतीपासून हातभर पुढे ओढून, पायांखाली दगड देऊन ठेवली होती. आमच्याकडे दसऱ्यापर्यंत भिंती ओल्या असतात. "भितीला पाठ लावली की कागदाला सर्दी झालीच," असं ते म्हणत. श्रावणात जरा ऊन पडलं की हातातलं काम टाकून सगळी दारं उघडायला धावत.

धरणाखाली गेलेल्या गावांचे रुमाल त्यांनी पहिल्याच कपाटात, कमरेच्या उंचीला ठेवले होते. ती गावं बुडून कैक वर्षं झाली होती. पण एक म्हातारी दर दोन-तीन महिन्यांनी कोळवणकडून चालत यायची. चाचा तिला बाकावर बसवून पाणी देत, रुमाल सोडत आणि तिचं बोट धरून एका ओळीवर टेकवत. "ह्ये बगा आजी, हितं हाय तुमचं शेत." ती त्या ओळीवरून हात फिरवायची आणि निघून जायची. तिला दुसरं काही नको असायचं. एकदा मी म्हणालो, "चाचा, या कागदांचा आता काय उपयोग?" ते म्हणाले, "तिला हाय न्हवं? ती म्हातारी, मीबी म्हातारा. वाकायला नगं, चढायला नगं, म्हनून हितं."

पुढं नव्या कपाटांना मंजुरी आली. मी मॅट्रिक झालेला, म्हणून साहेबांनी निवड माझ्यावर सोपवली. मी रीत म्हणून चाचांना विचारलं. ते भिंतीशी जाऊन उभे राहिले आणि हात वर केला. "माजा हात पोचतो तितं फळी सपली पायजे. दाराला जाळी असू द्या. आन् लोखंड नगा घिऊ, पावसाळ्यात लोखंडाला घाम फुटतुया."

मी मान डोलावली आणि पुण्याला जाऊन लोखंडीच घेतली. डोक्याच्याही वर जाणारी, करड्या रंगाची, चकचकीत मुठींची. जागा कमी लागते, माल जास्त मावतो, असा माझा हिशेब. खरं तर ती दिसायला रुबाबदार होती, एवढंच. कपाटं लागली त्या दिवशी चाचा मान वर करून बघत राहिले. "लई उच हायेत, कारकूनसाहेब."

"स्टूल आहे की, चाचा," मी हसून म्हणालो. आणि बुडालेल्या गावांचे रुमाल कुणाला लागत नाहीत म्हणून मीच ते सर्वांत वरच्या फळीवर चढवायला लावले.

आषाढात ती म्हातारी आली, नखशिखांत भिजलेली. मी टेबलाशीच होतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहीत राहिलो. ते स्टुलावर चढले. दमट हवेनं गंजून दार घट्ट बसलं होतं, ते त्यांनी जोर लावून ओढलं. मग धाडकन आवाज झाला. मी उठून धावलो तेव्हा चाचा जमिनीवर आडवे होते, आणि म्हातारी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होती, "माज्यापायी झालं गं बया."

खुब्याचं हाड मोडलं. जीपमधून पुण्याला नेलं, महिन्यानं परत आणलं, पण ते अंथरुणातून उठले नाहीत. साहेबांनी घरी माणूस पाठवून त्यांचा जबाब घेतला. तो कागद लावून ठेवायला माझ्याकडेच आला. त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "कपाटे माझ्या पसंतीने घेतली. वरच्या फळीवर रुमाल मीच ठेवले. कोणाचा दोष नाही."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. चाचींनी चहा ठेवला. मी कप हातात घेतला. चाचाच म्हणाले, "वाचला व्हय कागद?"

"चाचा, असं खोटं का लिहून दिलंत?"

"माजी नोकरी सरली. तुमची आत्ता कुटं लागलीया." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "पर येक सांगा, कारकूनसाहेब. तुमी मला इचारलं व्हतं. मंग आयकलं का न्हाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि उठलो.

भादवा संपता संपता ते गेले. दफनाला अर्धी पेठ आली होती. मी मागं उभा होतो; त्यांच्या धाकट्या भावानं मला हाताला धरून पुढं नेलं. "या, तुमी माती द्या. तुमच्यावर त्यांचा लई जीव व्हता." मी मूठभर माती टाकली. ओली होती, तळहाताला चिकटून राहिली.

कचेरीतून मी बदलून गेलो, पुढं निवृत्तही झालो. तो जबाब मी कधीच दुरुस्त केला नाही.