बसऱ्याची बातमी आणि भागू

भागू गेल्याचं मला मिठाच्या निमित्ताने कळलं. आश्विनातली दुपार होती. अवसरी बुद्रुकच्या पेठेतली निम्मी दुकानं तापाच्या साथीने बंद होती. आमच्या दुकानाच्या दोनच फळ्या काढलेल्या होत्या आणि तोंडाला पंचा बांधून सासरे एकटे बैठकीवर बसले होते. भागूचा दीर महाळुंगे पडवळहून चालत आला, पण दुकानाची पायरी चढला नाही. रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभं राहून त्याने मीठ मागितलं. सासऱ्यांनी पुडी मधल्या दगडावर ठेवली, त्याने ती उचलून धोतराच्या सोग्यात बांधली, दोन पावलं चालला आणि पाठमोराच म्हणाला, "वैनीस्नी सांगा, भागी गेली." मी आतल्या दाराशी होते. मला वाटलं, माहेरी गेली असेल. त्या गावात साथ जोरात आहे, बरंच केलं. सासऱ्यांनी विचारलं, "कुठं गेली?" तो पंचाने डोळे पुसायला लागला, तेव्हा कळलं...

त्या दिवसाला आता दोन महिने होत आले. रोजच्या वर्तमानपत्रात साथीत दगावलेल्यांचे आकडे असतात, त्यात भागूही कुठेतरी असेल. पण आकड्यातून ती कशी होती ते कुणाला कळणार नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी जुन्नरची. तिथल्या मुलींच्या शाळेत चार इयत्ता शिकले आणि लग्न होऊन अवसरीला आले. आमचं घर जैन व्यापाऱ्यांचं, आजेसासरे मारवाडातून आलेले. घरात पुण्याचं वर्तमानपत्र येतं. सासरे ते आधी वाचतात आणि मग त्याच्या पुड्या बांधल्या जातात. या दोन गोष्टींच्या मधल्या वेळात ते माझं असतं. मागच्या दारी धान्य निवडायला बसले की मांडीखाली घडी करून ठेवते आणि वाचते. भागूने मला तिथेच पाहिलं. ती धनगराची, बाजारच्या दिवशी तूप आणि लोकर घेऊन यायची. उंच, काळीसावळी, चालताना जमीन मोजत असल्यासारखी लांब पावलं टाकणारी. मला म्हणाली, "वैनी, त्या कागदात बसऱ्याचं काय लिव्हलंय का वं?"

तिचा नवरा खंडू लढाईवर गेला होता. शिपाई म्हणून नव्हे. मंचरच्या बाजारात भरतीवाले आले होते, त्यांना जनावरं सांभाळणारी माणसं हवी होती. खंडूने त्यांचं बिथरलेलं एक खेचर नुसतं मानेवर हात फिरवून शांत केलं, आणि त्या हाताने त्याला समुद्रापार बसऱ्याला नेलं. हे सांगताना भागूला राग खंडूचा नसे, खेचराचा असे. "दूध न्हाई, लोकर न्हाई, पिल्लू न्हाई. असल्या जनावरापायी मानूस न्यायचं म्हंजी काय!" वर्तमानपत्रात त्या मुलखाचं नाव मेसोपोटेमिया असं छापून येई. भागूने त्याचं मिसपट केलं. पुढे पुढे मीही घरात मिसपटच म्हणू लागले.

मग दर बाजारी ती मागच्या दारी यायची आणि मी लढाईची बातमी वाचायची. ती उकिडवी बसून चातीवर लोकर कातत ऐके. तिचे प्रश्न बातमीत नसलेल्या गोष्टींचे असत. तिथे चारा काय असतो? नदीला उतार आहे का? माणसं मेंढरं पाळतात का? मला काही सांगता येत नसे. खंडूची पत्रं आमच्या दुकानाच्या पत्त्यावर येत. ती पलटणीतला कुणी कारकून लिहून देई आणि सगळी सारखीच असत... आम्ही येथे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवणे, मातोश्रींस दंडवत. एका पत्रात दोन ओळींवर सरकारी तपासणीत काळी शाई फासलेली होती. भागूने तो कागद उन्हात धरला, उलटा करून पाहिला. "ह्ये बाकीचं त्येंचं बोलनं न्हाई," ती म्हणाली. "त्येंचं जे व्हतं, त्ये ह्या काळ्यात गेलं."

एका हिवाळ्यात पत्रं येणं थांबलं. त्याच सुमारास बातमी होती की नदीकाठच्या एका गावात आपली फौज वेढ्यात अडकली आहे. आठवड्यामागून आठवडे वेढा उठेना. एका बाजारी मी वाचत होते आणि पुढची ओळ दिसली. धान्य संपल्यामुळे तिथे घोडी आणि खेचरं मारून खायला सुरुवात झाली होती. आमच्या घरात असलं वाक्य मोठ्याने उच्चारायचं नाही हे एक कारण, आणि समोर भागू हे दुसरं. मी ती ओळ सोडून पुढची वाचली. चाती थांबली.

"वैनी, तुमचं डोळं म्होरं गेलं, आन तोंड मागंच ऱ्हायलं."

"काही नाही गं, तसंच सगळं."

"न्हाई. काय गाळलं त्ये सांगा."

मी सांगितलं. तिने सुटलेला धागा चातीला गुंडाळला. मग म्हणाली, "खेचरं खाल्ली, तर मंग हाकनाऱ्याला काय काम ऱ्हायलं?" ती उठली, लोकर गुंडाळली आणि जाताना रागावून नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाली, "तुमी माझ्या चांगल्यासाठीच गाळलं. पर पुन्यांदा गाळू नका. न्हाईतर आसं करा, मलाच शिकवा."

मला वाटलं, बोलून गेली. पुढच्या बाजारी ती फुटक्या पाटीचा तुकडा घेऊन आली. चार कोस चालत येऊन, तूप-लोकर पोचती करून, ती मागच्या दारी बसायची आणि तीन अक्षरं घेऊन जायची. तीनच, त्याहून जास्त नको म्हणे. आठवडाभर माळावर मेंढरांमागे फिरताना खडकावर चुनखडीने गिरवायची. अर्ध्या अक्षरांशी तिचं भांडण असे. "आख्खं असताना आर्धं कशाला?" सासऱ्यांना हे दिसत होतं. मी पदर पुढे ओढून त्यांच्या बोलण्याची वाट पाहत होते. ते एकदाच म्हणाले, "तिला चांगली पाटी दे. त्या तुकड्याने बोट कापेल."

मुळाक्षरं पुरी होण्याआधीच ती म्हणाली, "आता मला एक नाव लिवायचंय." कुणाचं, ते तिने सांगितलं नाही. नवऱ्याचं नाव तिने तोंडाने कधी घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशीसुद्धा "आमचं मालक" एवढंच म्हणाली होती, नाव मला तिच्या दिराकडून कळलं. मी म्हटलं, "आणि आता चालतं?" तर हसली. "तोंडानं न्हाई घ्यायचं. हातानं घेतल्यावर काय व्हतंय?" मी तिचा हात धरून खंडू लिहिलं. तिने ते पाहिलं, इकडेतिकडे बघितलं आणि कुणाला दिसू नये म्हणून पाटीवर पदर टाकला. तेवीस-चोवीस वर्षांची ती बाई त्या क्षणी इतकी लाजली की मीच दुसरीकडे पाहिलं.

खंडू वेढ्यात नव्हता. उन्हाळ्यात पत्र आलं, तो बसऱ्याला इस्पितळात तापाने पडला होता. ते पत्र भागूने स्वतः वाचलं, बोट ठेवून, एकेक अक्षर फोडत. इस्पितळ या शब्दाशी अडखळली, तेवढा मी सांगितला. वाचून झाल्यावर रडली नाही, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुढे तिच्या वाडीवरच्या आणि आसपासच्या बायका तिच्याकडे पत्रं घेऊन येऊ लागल्या. लढाईवर गेलेली माणसं काही एक-दोन नव्हती. ती सगळ्यांची पत्रं वाचून दाखवी, आणि वाईट असलं तरी गाळत नसे. एकीचा भाऊ गेल्याचं पत्र तिनेच वाचलं. मी विचारलं, "कसं वाचता आलं गं तुला?" म्हणाली, "वाचलं. मंग तिच्याजवळ बसले. दोन्ही कराया लागतं."

गेल्या श्रावणात तिने खंडूला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. पाऊस नव्हताच, माळ करपले होते, मेंढरं घाटाखाली न्यायची की नाही याची घरात चर्चा चालली होती. त्यातलं काही तिने लिहिलं नाही. काळी मेंढी व्याली, दोन्ही पिल्लं जगली. आत्याबाई बऱ्या हायेत. तुमी कवा येनार. ह्ये मी लिव्हलंय, कोनाकडून लिवून घेतलं न्हाई. एवढंच. माझ्या मनात शुद्धलेखन दुरुस्त करायचं आलं होतं. बरं झालं, हात आवरला.

मग मानमोडीचा ताप आला. मुंबईहून पुण्याला, पुण्याहून आमच्याकडे. वर्तमानपत्रात आलं की हा आजार सगळ्या जगात पसरला आहे. पण जग म्हणजे काय, ते आम्हाला समोरच्या घरातून एका दिवशी दोन तिरड्या निघाल्या तेव्हा समजलं. बाजार बंद झाला. तरी भागू आली. अंगणाच्या कडेला उभी राहिली, पुढे येईना. "आत्याबाई तापानं पडल्यात. वाडीवर घरटी मानूस आजारी हाय. कागदात काय उपाय लिव्हलाय का?" लिहिला होता. मी तो अंक जवळ न्यायला निघाले तर तिने हात वर केला. "न्हाई, लांबनंच टाका." मी घडी टाकली. तिने ती उचलली आणि तिथेच उन्हात उभी राहून सगळा मजकूर मोठ्याने वाचून काढला... आजाऱ्याला निराळं ठेवावं, पाणी उकळून द्यावं, खोलीत हवा खेळती ठेवावी. कुठेही अडखळली नाही. वाचून म्हणाली, "ह्ये जमंल. पानी उकळाया काय लागतं?" मी म्हटलं, "तू जपून राहा गं." ती लांब पावलं टाकत गेलीसुद्धा.

पुढचं मला तिच्या दिराने सांगितलं. ती झोपडी-झोपडीतून पाणी उकळून देत हिंडली. आत्याबाई, म्हणजे तिची सासू, वाचली, शेजारची तान्ही पोर वाचली. नवव्या दिवशी भागू स्वतः तापाने पडली आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेली. त्या अंकातलं सगळं तिने दुसऱ्यांसाठी केलं. आजाऱ्यापासून दूर राहावं ही एक सूचना मात्र तिला पाळता आली नाही. कितीतरी दिवस माझ्या मनात एकच घोळत होतं, की तो कागद मी टाकला नसता तर? शेवटी एकदा रडत सासऱ्यांपुढे बोलले. त्यांच्यापुढे मी आजवर मान वर करून बोलले नव्हते. ते म्हणाले, "सूनबाई, कागद नसता तरी ती गेलीच असती त्या घरांत. तुझ्या कागदाने चार माणसं वाचली, एवढं धर."

कार्तिकात दवंडी पिटली की लढाई संपली, सरकारचा जय झाला. शाळेत मुलांना साखर वाटली. चावडीवर पताका लागल्या. त्याच आठवड्यात बसऱ्याहून पत्र आलं, भागूच्या नावाचं.

मी ते फोडलं नाही. बैलगाडी जुंपवून महाळुंग्याला गेले. तिची सासू दारात ऊन खात बसली होती, तापाने निम्मी झालेली. तिच्यासमोर फोडून वाचलं. अक्षर कारकुनाचंच होतं, पण या वेळी बोलणं खंडूचं होतं. तुझं पत्र इथे आपल्या भागातल्या पाच-सहा जणांनी वाचून घेतलं. रोज कुणीतरी म्हणतं, तुझ्या बायकोचं पत्र काढ. काळीची पिल्लं विकू नकोस, मला बघायची आहेत. मी वाळलो आहे, ओळखणार नाहीस. पुढल्या पत्रात अजून लिही, थोडं लिहिलंस...

म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, "लिवा त्याला." मी दौत-टाक काढलं. ती सांगत गेली. पाऊस झाला न्हाई. मेंढरं घाटाखाली गेलीत. पिल्लं हायेत. मला ताप आला व्हता, आता बरी हाय. मी लिहीत होते. कागद संपत आला तरी ती त्या गोष्टीकडे येईना. मी टाक थांबवला. दीर म्हणाला, "आये, नगं लिवायला. आला म्हंजी कळंल. लांबच्या मानसाला कशाला..." म्हातारी त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

"ती आसती तर काय म्हनली आसती, वैनी?"

"सगळं लिहा म्हणाली असती."

"मंग लिवा," म्हातारी म्हणाली. "तिनं मला वाचवलं आन ती गेली, ह्येबी लिवा. त्यो माझ्यावर रागावंल. रागावू दे."

मी लिहिलं. खाली तिने अंगठा उठवला, शाई पदराला पुसली आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

आता बाजार पुन्हा भरतो. म्हातारी काठी टेकत दिराबरोबर येते आणि मागच्या दारी बसते. "आलं का वं?" असं विचारते. मी सांगते, अजून नाही. ती मान हलवते, घटकाभर बसते, पाणी पिते आणि उठते. बसऱ्याहून उत्तर यायला दीड-दोन महिने लागतात, हे मी तिला दर वेळी सांगते. ते तिला ठाऊक असतं. तरी ती येते, आणि मीही त्या दिवशी सकाळपासून टपालवाल्याची वाट बघते.