दारावरची फुली

त्या कुणाच्याही दारात उभ्या राहिल्या की आधी बेल वाजवायच्या नाहीत. मान वर करून चौकटीच्या उजव्या कोपऱ्याकडे बघायच्या. सांगलीतल्या आमच्या तीन मजली इमारतीत कुणाच्याच चौकटीवर तिथं काही नव्हतं. तरी बघायच्या, आणि मगच बेल वाजवायच्या.

आटपाडीकडच्या एका उपकेंद्रात त्यांनी तेहतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. पोलिओचा रविवार झाला की पुढचे दिवस घरोघर फिरायचं. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असला की चौकटीवर खडूनं इंग्रजी पी काढायचा. एखादं मूल मामाच्या गावाला गेलेलं किंवा कणगीमागं लपलेलं असलं की फुली. फुलीच्या घरी परत जायचं. आता त्या निवृत्त होऊन तळमजल्यावर एकट्या राहत होत्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली औषधांचा डबा. पण मानेची सवय गेली नव्हती. सगळी इमारत त्यांना ‘सिस्टर’ म्हणायची. मीही.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल, ज्याला टाळण्यासाठी तुम्ही जिना उतरण्याआधी कानोसा घेता. मी घ्यायचे. मला लोकांशी बोलायला जमत नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढते, आणि नकाशे प्रश्न विचारत नाहीत. सिस्टर विचारायच्या. “जेवलीस का? पगार झाला का? साताऱ्याला घरी कवा जाणार?” सगळं एका दमात. उत्तराला थांबायच्या नाहीत, एवढं बरं होतं.

मग मांजरं आली. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, कागदाच्या रिकाम्या खोक्यात दोन पिल्लं होती. आई तीन दिवस फिरकली नव्हती. “मॅडम, तुमी तर एकट्याच राहता, घेऊन जावा की,” वॉचमन म्हणाला. हे कारण मला आवडलं नाही, पण खोकं मी उचललं. एक पिवळं आणि गुबगुबीत, ते हळद. दुसरं राखाडी, तळहाताएवढं, ती मिरी.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते आणि भराभर बोलत होते. दोन महिन्यांची असतील, जंतांचं औषध, तीन रोगांची एकत्र लस, पुढं आणखी काहीतरी. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली. बिल जवळजवळ तीन हजार झालं. त्यातलं काय कशाचं, ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर पिशवीत मांजरांचा शांपूही निघाला. मी त्यालाही मान हलवली असणार. पिल्लांची कार्डं मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावली आणि माझ्या मते तो विषय संपला.

अडीच आठवड्यांनी बेल वाजली. दारात सिस्टर होत्या, एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर. दोन मजले चढून आल्या होत्या.

“कोण रडतंय गं इथं?”

“मांजराची पिल्लं आहेत, सिस्टर. दोन.”

“डोस?”

“झाले.”

“किती?”

“एक.”

“एक झाला, तर झाले कसं म्हणतीस? कार्ड आण.”

मी फोल्डर आणलं. त्यांनी चष्मा लावला आणि दुसऱ्या ओळीतल्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. शेजारी तारीख होती, चार दिवसांनंतरची. ती ओळ मी वाचली होती. ‘बूस्टर’ हा शब्दही वाचला होता. मला वाटलं, ज्यांना आणखी काही करायची हौस असेल त्यांच्यासाठी ते असेल.

“इंग्लिश मीडियम ना तू?”

“हो.”

“म्हंजे कागद वाचता येतोय, माणसाला इचारता येत न्हाई. आमच्या बायांचं उलटं होतं. कागद वाचता यायचा न्हाई, पण इचारून इचारून जीव खायच्या माझा.”

एवढं बोलून त्यांनी पर्समधून खडूचा तुकडा काढला, टाचा उंचावल्या आणि माझ्या चौकटीवर ठसठशीत फुली मारली.

“सिस्टर, दारावर कशाला?”

“डोस राहिला, घर राहिलं,” त्या म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या.

पुढचे चार दिवस मी कधी विसरणार नाही. दूधवाला फुलीकडं बघून गेला. कुरियरवाल्यानं विचारलं, “पत्ता चुकलाय का, मॅडम?” घरमालक काका वर आले आणि म्हणाले, “दार रंगवायला काढलंयसा व्हय?” मी नुसतीच हसले. रात्रीतून पुसून टाकावी असं दोनदा वाटलं, पण सकाळी जिन्यात सिस्टर भेटतील या भीतीनं पुसली नाही.

चौथ्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसून खाली तयार उभ्या होत्या. “लाभार्थी कुठायत?” हळद आणि मिरी ही नावं त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाहीत. त्यांच्या लेखी ते दोन लाभार्थी होते, मोठं आणि बारकं.

दवाखान्यात गेल्या गेल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “फ्रीज कुठाय?”

“कसला फ्रीज?”

“लस ठेवता त्यो.”

डॉक्टरांनी गोंधळून कोपऱ्यातला फ्रीज उघडला. मधल्या कप्प्यात लशी होत्या. दाराच्या कप्प्यात ताकाच्या दोन पिशव्या.

“डॉक्टर, ह्ये दार दिवसातनं किती बारी उघडतंय?”

“लागेल तेव्हा.”

“लस लागंल तवा, का ताक लागंल तवा?”

मी खाली मान घालून फरशीवरची नक्षी पाठ करत होते. डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी दोन्ही पिशव्या काढून कंपाउंडरच्या हातात दिल्या आणि विचारलं, “मावशी, तुम्ही कुठं होता?”

“उपकेंद्रात. डोक्यावर लशीचा डबा घेऊन वाड्यावस्त्या हिंडलीया मी. बरफ वितळला तर पोराला नुसतं पाणी टोचल्यागत. तुमच्याकडं तर बरफसुदिक घरबसल्या हाय.”

मग त्या बाकावर बसल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “हं. आता तू इचार.”

“काय?”

“काय इचारायचं ते मीच सांगितलं तर इचारलं कुणी?”

मला खोक्यात शिरून बसावंसं वाटलं. पण त्या हलेनात आणि मागं एक लॅब्रेडॉर ताटकळत होता. शेवटी मी विचारलं, “तीच लस परत का द्यायची?”

डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत सिस्टर बोलल्याच. “आईच्या पहिल्या दुधातनं पिल्लाला थोडी ताकद आलेली असती. ती अंगात हाय तवर लस दिली तर ती ताकदच लशीला चालू देत न्हाई. दुधाची ताकद कवा सरंल ते पिल्लागणिक येगळं. म्हणून परत द्यायची, आन् चार महिन्याचं हुईस्तवर देत ऱ्हायची. व्हय का न्हाई, डॉक्टर?”

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाले. त्यानंतर ते भराभर बोलले नाहीत. तीन-चार आठवड्यांनी तिसरा डोस, तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस, मग वर्षानं एकेक. बिलाच्या वेळी सिस्टरनी मला कोपरानं ढोसलं आणि मी तपासणीचे किती, लशीचे किती, हे वेगवेगळं लिहून मागितलं. बाटलीतलं टॉनिक लागेलच का, हेही विचारलं. नीट खात असतील तर नाही लागणार, असं उत्तर आलं. या वेळचं बिल बरंच कमी होतं. “आन् त्यो शांपू परत घ्या,” सिस्टर म्हणाल्या. “ती जिभंनं अंग धुत्यात दिवसभर.” मी पिशवीतून काढून दिलेला शांपू डॉक्टरांनी परत घेतला. दारावरची फुली मात्र तशीच राहिली, तिसरा डोस बाकी होता.

रेबीजसाठी त्यांनी मला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. “चिठ्ठीच्या पैशात होतंय तर हितं का न्हाई करायचं? आधी फोन लावून लस आली का इचारायचं, एवढंच.” फोन अर्थातच मी लावला. रांगेत पुढं म्हैस होती आणि मागं शेळी घेतलेला एक गडी. त्यानं खोक्यात डोकावून पाहिलं आणि हसला.

“आवं, मांजराला सुई? मांजरं काय मागल्या दारी बी हुत्यात.”

“तुझ्या शेळीला टोचत्यात तवा कोण हसतंय का?”

“शेळी दूध देती, मावशी.”

“ही हिला बोलायला शिकीवत्यात,” सिस्टर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या. “लय महागाचं काम हाय ते.”

तिसऱ्या डोसाच्या दिवशी मिरीचं नाक वाहत होतं. डॉक्टरांनी हळदीला टोचलं आणि मिरीला पंधरा दिवसांनी आणायला सांगितलं. आजारी पिल्लाला लस देत नाहीत. परत आल्यावर मी धीर करून म्हणाले, “सिस्टर, एकाचं तरी पूर्ण झालं. अर्धी फुली पुसू या का?”

“अर्धं घर नसतंय,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी जिना चढताना त्या तीनदा थांबल्या. प्रत्येक वेळी थांबून भिंतीवरचं वीजमीटर वाचत असल्याचा आव आणला.

मी चहा केला. मिरी त्यांच्या पदरात शिंकत होती. तेव्हा त्यांनी वीटभट्टीची गोष्ट सांगितली. भट्टीवरच्या एका खोपटात तीन पोरं होती. दोघांना डोस दिला, तिसरं तापानं फणफणलेलं. आधी डॉक्टरला दाखवा, मी चार दिवसांनी येते, असं सांगून खोपटाच्या दारातल्या लाकडी मेढीवर फुली मारली. चार दिवसांनी गेल्या तर भट्टी बंद. खोपटं उठलेली, मेढ तेवढी उभी.

“मग?”

“मग काय. कुठली होती, कुठं गेली, कुणाला ठाव? लय इचारलं.” त्यांनी मिरीचं नाक पदरानं पुसलं. “पोरगं चांगलंच असंल. मोठा बाप्या झाला असंल आता. पण ती फुली माझ्याकडनं पुसायची राहिली.”

आठ दिवसांनी खंडाळ्याहून त्यांची मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, आधी एक, मग तीन महिन्यांनी दुसरा. गाडीत बसताना त्या मला एवढंच म्हणाल्या, “बारक्याची तारीख?”

“गुरुवार.”

“मी न्हाई. फुली हाय.” आणि खडू माझ्या हातात दिला.

गुरुवारी मी एकटी गेले. रिक्षात प्रश्न पाठ केले. मिरीचं वजन किती भरलं, ताप पूर्ण गेला का, टोचल्यावर सुस्तावली तर किती वेळ वाट बघायची, पुढची तारीख काय, आणि यातलं किती कशाचं. सगळे विचारले. आवाज मध्येच फुटला, पण सगळे विचारले. डॉक्टर लस आणायला वळले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “फ्रीज दाखवता?”

डॉक्टर हसले. त्यांनी फ्रीजचं दार पूर्ण उघडून धरलं. आत फक्त लशी होत्या आणि दारावर कागद चिकटवला होता, ‘ताक ठेवू नये.’

घरी येऊन मी फुली ओल्या फडक्यानं पुसली आणि खडूनं पी काढला. फोटो काढून त्यांना पाठवला. संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. “पी लय नाजूक काढलाय. गडद कर. आन् वर्षानं परत हाय, इसरू नको.”

मी स्टुलावर चढून गडद करत होते. घरमालक काकांनी खालून विचारलं, “आता ह्ये काय?” मी म्हणाले, “पूर्ण झालं, काका. दोघांचंही.” त्यांना काही कळलं नाही. मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, आईच्या दुधासकट. काकांनी मला एवढं बोलताना पहिल्यांदाच पाहिलं होतं.

सिस्टरचा एक गुडघा चांगला झाला. मग तीन महिने झाले, चार झाले, पाच झाले. मी फोन केला तर तो मुलीनं उचलला. “आई दुसऱ्याला तयारच होत नाही गं. म्हणते, एकावर भागतंय. घाबरलीये, पण कबूल करत नाही. आणि एका पायावर तिला तिथं एकटी कशी सोडू? आता खोली सोडून दे म्हणतोय आम्ही.”

त्या संध्याकाळी मी खडू घेऊन तळमजल्यावर गेले. दाराला कुलूप होतं. चौकटीचा उजवा कोपरा कोरा होता. इमारतभर मान वर करून फिरलेल्या बाईच्या स्वतःच्या दारावर कधी कुणी काही लिहिलं नव्हतं. मी टाचा उंचावल्या आणि ठसठशीत फुली मारली. नाजूक नाही. फोटो त्यांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही, त्यांना लिहून सांगायची गरजच नव्हती.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

घरमालक काकांनी कालच विचारलं, ही खालची तरी पुसू का, नवीन भाडेकरू बघायला यायचेत. मी म्हटलं, “पुसायची नाही, काका. घर राहिलंय ते.”

मी रोज ऑफिसला जाताना तिथं थांबते. कुलूप बघत नाही. मान वर करून कोपरा बघते.