बसमध्ये भरलेला फॉर्म

माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. बारा वर्षं घरोघर फिरतेय... करणी, नजर, बाहेरचं, सगळं ऐकलंय, आणि दर वेळी 'आधी दवाखान्यात चला' एवढंच म्हटलंय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय.

मी वाशीमला राहते. एका विद्यापीठाच्या अभ्यासात फील्ड वर्कर आहे. गरोदर बायकांना रोज एक गोळी द्यायची. निम्म्या जणींची औषधाची, निम्म्या जणींची नुसती, बिनऔषधाची. कोणाला कुठली ते आम्हालाही सांगत नाहीत. बाळ झालं की ठरलेल्या दिवशी घरी जायचं, वजन करायचं, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे आणि टॅबमध्ये भरायचे. साठ किंवा जास्त भरले तर स्क्रीनवर लाल चौकट येते, म्हणजे बाळाला लगेच दवाखान्यात हलवायचं.

आता कबुली. गेल्या उन्हाळ्यात मेडशीला चार घरं करून मी स्टँडवर आले. पाचवं राहिलं होतं, प्रतिभाचं... बाळंतपणाला माहेरी आलेली, घर पार शेताकडं, दोन किलोमीटर आत. पायांचे तुकडे पडले होते आणि समोर वाशीमची एसटी लागलेली. मी चढले आणि सीटवर बसूनच तिचा फॉर्म भरायला घेतला. आमच्यातल्या बऱ्याच जणी असं करतात. कबूल कोणी करत नाही. बस सुटायच्या आत भरला की टॅबवर लोकेशन मेडशीचंच येतं. श्वास किती? ४४ टाकले. कुणाला शंका येऊ नये असा आकडा.

लाल चौकट आली.

खोडून पुन्हा ४४ टाकले, पुन्हा लाल. बाळाची काळजी वाटली असं खोटं सांगणार नाही... मला चीड आली. लाल फॉर्म गेला की तासाभरात ऑफिसातून फोन येतो, बाळ कुठं आहे म्हणून. निमूट खाली उतरले. बस डोळ्यांदेखत गेली.

प्रतिभाची आई दारातच भेटली, अगदी समाधानात. "लय गुनाचं लेकरू हाय ताई. सकायपासून रडलंच नाही."

आत अंधाऱ्या खोलीत प्रतिभा झोपली होती. दुपटं बाजूला केलं तर बाळाची छाती आत ओढली जात होती, अंग गार. मोजले तर बहात्तर. परत मोजले, तरी बहात्तरच. मग फॉर्ममध्ये तोच आकडा भरला, गाडी बोलावली आणि वाशीमला नेलं. आठ दिवसांनी बाळ हसतखेळत नाही, पण नीट दूध ओढत घरी आलं.

ऑफिसात डेटा सांभाळणारा मंगेश आहे. त्याला म्हटलं, लाल चौकट उगाच येते, जरा बघ. टॅबमध्ये भरलेलं, खोडलेलं सगळं राहतं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "बरोबरच आलीय ताई. तुम्ही तिन्ही वेळा ७२च टाकलेत. दोनदा चार वाजायच्या आधी, एकदा पाच वाजता." तीन-तीनदा मोजलं म्हणून मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं. ४ च्या खाली ७ असतो, बोट घसरलं म्हणू... पण दोनदा? आणि पुढचा २? मी स्क्रीनवर ४४ वाचले होते.

त्याआधी मी असे सात फॉर्म बसमध्ये भरले होते. त्यानंतर एकेक करून सातही घरी जाऊन आले. सहा लेकरं बरी आहेत. सातवं अनसिंगजवळचं. त्या बाईनं मला पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि म्हणाली, "ते तर कवाच गेलं ताई. तुमी येनार व्हत्या ना त्या हप्त्यात, तवाच."

तिच्या फॉर्मवरही मी ४४च टाकले होते. तेव्हा चौकट आली नाही. मेडशीला मला कोणी अडवलं ते मला आजही सांगता येत नाही... आणि अनसिंगच्या वेळी का नाही अडवलं, तेही नाही.