इराणला न गेलेली केळी

आमचे नाना, म्हणजे माझे थोरले दीर, रावेरकडे केळी लावतात. माल इराणला जायचा. तिकडचा व्यापारी पुण्यात शिकलेला, हिंदी बोलायचा. कापणी जवळ आली की व्हिडिओ कॉल करायचा. नाना घड दाखवत बागभर फिरायचे आणि तो "काटो, भाऊ" म्हणाला की मगच कापणी. तोवर विळ्याला हात नाही. परदेशी जाणारं केळं हिरवंच कापावं लागतं, थोडा उशीर झाला तरी जहाजात पिकून जातं.

त्या वर्षी ऐन कापणीच्या तोंडावर तिथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब पडले. का, तर त्यांनी अणुबॉम्ब करू नये म्हणून. आणि पाडणारे काय हातात टाळ घेऊन बसलेत? व्यापाऱ्याचा फोन लागेना.

मी आमच्या पिंप्राळ्याहून रावेरला गेले, तर बागेत घड पिवळे पडायला लागलेले.

"अहो नाना, इथल्या व्यापाऱ्याला तरी द्या. सडवताय काय?"

"त्याचा फोन येऊ दे."

"आणि नाही आला तर?"

नाना माझ्यावर खेकसलेच. "विळा लावला म्हणजे तो मेला असं धरलं मी! कळतं का काही?"

मी घराकडे वळले. ओसरीवर माणसं टीव्हीवर मॅच बघावी तशी बॉम्ब पडताना बघत होती. एकजण तर टाळ्या पिटत होता. मेल्यांनो, म्हटलं, तिथे माणसं राहतात! आणि टीव्ही बंद केला.

फोन आला तोवर केळी गळून बुंध्याशी पडली होती. व्यापाऱ्याची मुलगी स्पीकरवर बोलत होती, बापाकडून शिकलेल्या तोडक्यामोडक्या हिंदीत. बाप गेला होता. त्यांचं घर अणुकेंद्राच्या रस्त्यालाच. दवाखान्यात त्याने निरोप दिला होता, "भाऊ को बोलना, जहाज नहीं आएगा, माल मत काटना." फोन बंद होते, म्हणून आता सांगत होती.

"नहीं काटा, बेटी," नाना म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. नानांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग पोरीने विचारलं, "आपके मुल्क में वो बम है ना?"

"है."

"अच्छा है. आपको कोई नहीं मारेगा. हम भी बनाएँगे."

नानांनी मान हलवली. त्यांच्यामागे उभी राहून मीही हलवली.