हिमोग्लोबिनचं कार्ड

माझी बायको शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि घरी इंग्रजी शब्द कात्रीने कापायची.

दिल्लीत लग्नपत्रिका जाड पुठ्ठ्याच्या असतात. घरी आलेली एकही पत्रिका ती टाकत नसे. तिच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईत एक शब्द लिहायचा. त्याचा जो भाग ग्रीकमधून आला त्याच्याखाली हिरवी रेघ, जो लॅटिनमधून आला त्याच्याखाली लाल. शब्द एकाच भाषेतला असला तर कार्ड अखंड ठेवायचं. दोन्ही भाषांचा असला तर रेघेचा रंग जिथे बदलतो तिथे कात्री चालवायची, तीही नागमोडी. प्रत्येक कार्डाची वळणं वेगळी, त्यामुळे ‘टेलि’ला ‘व्हिजन’च बसायचं, दुसरा कुठला तुकडा जुळत नसे. इमारतीतली मुलं आमच्या फरशीवर ते तुकडे पसरून लावत.

हे सगळं सुरू झालं एका सहलीत. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाची बस काला अंबच्या युद्धस्मारकाहून परतत होती आणि पानिपत सोडल्यावर तासभर एकाच जागी उभी होती. मागच्या सीटवरची मुलं भांडायला लागली, तेव्हा ती उठून त्यांच्यात जाऊन बसली. ‘‘ऑटोमोबाइलमध्ये अडकलोय ना आपण? मग तिचेच तुकडे करू. ऑटो ग्रीक, म्हणजे स्वतः. मोबाइल लॅटिन, म्हणजे हलणारं.’’

‘‘पण टीचर, ही तर हलतच नाहीये!’’ एक मुलगी ओरडली, आणि सगळी बस हसली.

मी तेव्हा सरकारी कार्यालयात अनुवादक होतो, इतरांचे अनुवादही तपासायचो. दोन भाषांचा सांधा असलेला शब्द मला खटकायचा, आणि मी तसं बोलून दाखवायचो. ती म्हणायची, ‘‘अहो, सोशिऑलॉजीचं डोकं लॅटिन आणि धड ग्रीक. चाललंय ना तिचं व्यवस्थित? तुमचं पोट दुसऱ्यांच्या चुकांवर भरतं, म्हणून तुम्हाला जिथे तिथे चूकच दिसते.’’

ती जाऊन दीड वर्ष झालं. कार्डांचा डबा मी पुस्तकांच्या कपाटात ठेवला होता, उघडला नव्हता. तिचे कपडे आम्ही देऊन टाकले, चष्माही दिला. तिचं अक्षर तेवढं त्या डब्यात उरलं होतं.

या एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावरची मुलगी दारात आली. अकरावीत आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. लहानपणी आमच्याच फरशीवर ती हे तुकडे जुळवायची.

‘‘आजोबा, टीचरआजींची ती कार्डं आहेत ना अजून? बायोच्या टर्म्स लक्षातच राहत नाहीत माझ्या. कोचिंगमध्ये नुसतं रटवतात, यार.’’ आपण कुणाला यार म्हणालो ते कळल्यावर तिने जीभ चावली.

‘‘आहेत. पण घरी नेता येणार नाहीत. इथे बसून बघ.’’

‘‘बिल्कुल,’’ ती म्हणाली आणि चप्पल काढून आत आली.

मी समोर बसून राहिलो. पुस्तक हातात होतं, पण लक्ष तिच्या बोटांकडे होतं. एखादं कार्ड दुमडेल, एखादं तिच्या वहीत अडकून जाईल, अशी भीती. अपेंडिसायटिस जुळलं, कार्डिओव्हॅस्क्युलर जुळलं. मग तिने एक अखंड कार्ड वर धरलं.

‘‘आजोबा, हे कापायचं राहिलंय.’’

हिमोग्लोबिन. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हिरवी रेघ, थरथरलेली. म्हणजे शेवटच्या हिवाळ्यातली. तेव्हा हा शब्द आमच्या घरात रोज असायचा. रिपोर्ट आला की ती उशीला टेकून विचारायची, ‘‘आज किती?’’ मी आकडा वाचायचो.

‘‘ते तसंच असू दे,’’ मी म्हणालो.

‘‘पण ग्लोबिन तर ग्लोबसवरून ना? गोळा. लॅटिन आहे ते. सरांनी सांगितलं.’’

‘‘तुझ्या सरांना काय कळतंय!’’

आवाज नको तितका चढला. ती ‘सॉरी’ म्हणाली, कार्डं नीट डब्यात ठेवली आणि थोड्या वेळाने निघून गेली.

मी शब्दकोश काढला. सर बरोबर होते.

नोकरीत चूक दिसली की मी ती दुरुस्त करून कागद पुढे पाठवायचो, कुणाचं अक्षर आहे ते बघत नसे. इथे दोन दिवस काही करवलं नाही. कार्ड कापलं तर तिच्या हाताने एका दमात ओढलेली ती रेघ तुटणार होती. नाही कापलं, तर तिच्याच हातून एक मुलगी चुकीचं शिकणार होती. हे तिने खपवून घेतलं नसतं. फळ्यावर आपली चूक झाल्याचं घरी आल्यावर लक्षात आलं, तर दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकताच ती आधी तेवढंच सांगायची.

रविवारी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. दार मुलीच्या आईने उघडलं.

‘‘या ना काका. अहो, ही दोन दिवस तोंड पाडून बसलीय. म्हणते, आजोबा नाराज झाले.’’

‘‘तिला सांगा, तिचे सर बरोबर आहेत. आणि कात्री घेऊन वर ये म्हणावं.’’

ती आली खरी, पण कात्री हातात धरून नुसतीच उभी राहिली. ‘‘मी नाही. तुम्हीच कापा.’’

‘‘चूक तू पकडलीस, तूच काप.’’

तिने आधी ‘ग्लोबिन’खाली लाल रेघ मारली. तिच्या खालून हिरवी थोडी दिसत राहिली. मग ती हळूहळू कापत गेली. आपण नजर दुसरीकडे वळवू असं मला वाटलं होतं, पण मी शेवटपर्यंत बघितलं. तिने तुकडे वेगळे केले आणि पुन्हा जोडून पाहिले.

‘‘परफेक्ट,’’ ती पुटपुटली.

‘‘डबा घरी ने,’’ मी म्हणालो.

‘‘सगळा?’’

‘‘सगळा. हरवलं एखादं तर नवीन करू.’’

तीन महिन्यांत दोन कार्डं हरवली. तिने स्वतःच येऊन सांगितलं, जरा घाबरत. मी ते शब्द माझ्या अक्षरात लिहिले, रेघा ओढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा कार्ड कापायला घेतलं. कात्री सरळच निघाली.

‘‘आजोबा, हे तर कशातही बसेल!’’ ती खो खो हसली. मग शेजारी बसून तिने माझं मनगट धरलं. ‘‘हळू. कात्री नाही, कार्ड फिरवायचं. हां, आता वळवा.’’