फियाट बघायला: कारेगाव ते केडगाव

पन्नाशी ओलांडली त्या आठवड्यात मी घरात जाहीर केलं, मला जुनी फियाट घ्यायचीय. ड्रायव्हिंग शिकले तसलीच, स्टिअरिंगलगत गिअर असलेली. नवऱ्याने हात जोडले, "नामदेवमामांना दाखवल्याशिवाय घेऊ नकोस." हे माझे सख्खे मामा. शिरूरला राहतात, सगळा जन्म गॅरेजात गेला.

शनिवारी पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. नगर रस्त्याची गर्दी चुकवायची असेल तर एवढ्या लवकर निघाच. शिरूरला मिसळ खाल्ली, मामांना गाडीत घेतलं आणि थोडं मागं, कारेगावला आलो.

तिथल्या एजंटाकडची फियाट पाहून मी विरघळलेच. रंग आरशासारखा. मामांनी खिशातलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेला लावलं. ते टपकन पडलं.

"पत्रा कुठाय पोरी? नुसती पुट्टी हाय."

मॅट उचललं तर भोकातून जमीन दिसली. बॉनेट गरम होतं. म्हणजे आम्ही येण्याआधीच इंजिन चालू करून ठेवलेलं, थंड असताना ते सुरू व्हायला त्रास देतं हे कळू नये म्हणून. चासी नंबरही आरसी बुकाशी जुळेना. एजंट म्हणाला, "टोकन द्या, न्हाईतर दुपारी गाडी जाईल."

"जाऊ द्या की," मामा म्हणाले.

दुसरी गाडी केडगावला बघायची होती. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस. पारगावला भीमेचा पूल ओलांडेपर्यंत मी मामांवर रुसूनच होते.

केडगावच्या आबांनी, एका निवृत्त शिक्षकांनी, गाडी मुद्दाम थंड ठेवली होती. चुंबक घट्ट चिकटलं. चोक ओढल्यावर दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू झालं, धूर नाही. कागद सगळे त्यांच्याच नावावर. मी स्टेशनपर्यंत फेरी मारून आले आणि व्यवहार ठरवायला बसले.

"थांबा ताई," आबा म्हणाले. "एक सांगायचं राहिलं. दोन वर्षांमागं ओढ्याचं पाणी हिच्यात शिरलं व्हतं. वायरिंग तुकड्यातुकड्यांनी जोडलंय. कवा कवा डॅशबोर्डमागं तापतं."

मामा डॅशबोर्डखाली शिरले. बाहेर आले तेव्हा हातात काळी पडलेली वायर होती. "आबा, हे मला घावलं नसतं," ते हळूच म्हणाले.

मी विचारलं, "मग न सांगता विकली असती की?"

"आन् उद्या तुम्ही आत असताना पेटली म्हंजी? माझ्या दोन्ही पोरी हिच्यातनंच माहेरी यायच्या. तुम्ही बी कुणाची तरी लेकच."



गाडी मी घेतलीच. मामांनी आबांच्याच अंगणात सगळं वायरिंग नवं टाकलं. त्याला दोन शनिवार लागले. दोन्ही वेळा आबांच्या मंडळींनी पिठलं-भाकरी वाढली. मग यवतमार्गे सोलापूर रस्त्याने, ट्रकांना वाट देत, मी ती पुण्याला आणली.

तुम्ही जाल तेव्हा चुंबक न्या, मॅट उचला, नंबर जुळवा, नोंदणीच्या नूतनीकरणाचं आधीच विचारून ठेवा. माझी गाडी मात्र शेवटी एका माणसाच्या खरेपणावर आली, त्याची तपासणी मला करता आली नसती.

गेल्या महिन्यात आबा डोळे तपासायला पुण्यात आले. स्टेशनवर मी फियाट घेऊन गेले. मागचं दार उघडून दिलं तसे ते जरा घुटमळले.

"इतकी वर्सं चालवली, पर मागं कवा बसलोच न्हाई," म्हणत आत बसले, काच खाली केली आणि घर येईपर्यंत रस्ता बघत राहिले.