अंपायरला न सांगता सोडलेली इनिंग

दत्ता, गुडघा कसा आहे? जिना चढतोस का अजून, की खालीच मुक्काम ठोकलायस?

नथू, मोतीबिंदू काढलास म्हणे. आता तरी चेंडू दिसतो का? डोळे चांगले होते तेव्हाही दिसत नव्हता.

महादू, तू आमच्या टीमचा नाहीस, अष्टमी गावचा आहेस, तरी विचारतो. शुगर किती? खरी सांग.

बाळाराम, तुला नाही विचारत. तू गेलास.

दहा दिवसांपूर्वी सकाळी त्याने चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेला. काल कुंडलिका नदीच्या काठावर दहावं झालं.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांना सांगतो. बाळाराम म्हणजे आमच्या तरुणपणी अष्टमीच्या टीमचा कॅप्टन. कंपनीत नाईट शिफ्ट करून, झोप डोळ्यांत घेऊन सकाळी मॅचला उभा राहायचा. मी पेणच्या खारेपाटातला, खाडीकाठचा. मैदानात आमचा उभा दावा.

चाळीस वर्षांपूर्वी आमची आणि अष्टमीची फायनल आमच्या गावात होती, भात कापलेल्या शेतावर. मी बॅटिंगला, चांगला सेट झालेलो.

ओव्हर संपली आणि बांधावरून आरोळी आली.
"खांड गेली रेऽऽ"

उधाणाच्या भरतीने खाडीचा बांध फुटला की आम्ही म्हणतो खांड गेली. खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायला नको. म्हणून आमच्याकडे रीत आहे. आरोळी आली की घरटी एक माणूस बांधावर. ताटावर बसला असलात तर हात धुवायचा आणि पळायचं.

बाकीच्यांच्या घरी बाप होता, भाऊ होता. माझे वडील अंथरुणाला खिळलेले. घरटी एक म्हणजे मीच.

पळालो.
अंपायरला सांगायचं राहिलं.
हातातली बॅट ठेवायचीही राहिली.

बांधावर शेजारची सखूकाकी डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन उभी. म्हणाली, "हिराजी, फळी आनलीस व्हय? बरा केलास."

फळी तर फळी. त्या बॅटनेच चिखल चोपला.

पाणी अडलं आणि मी तसाच मैदानात आलो. आमची नववी विकेट नुकतीच पडलेली. जिंकायला अकरा रन हवे.

अंपायर कोलाडचे एक गुरुजी होते. माणूस देवासारखा, पण नियमाला कडक. त्यांनी लांबूनच हात आडवा केला. "थांब तिथंच."

त्यांनी बाळारामला बोलावलं. अष्टमीची सगळी टीम गोळा झाली. हातवारे चाललेले. मी बाऊंड्रीवर, काही ऐकू येईना.

मग बाळाराम एकटाच चालत माझ्यापाशी आला. माझ्या पायांकडे बघितलं. मांडीपर्यंत चिखल.

"नियमात बसतं. जा, खेळ."

मग हातातल्या बॅटकडे बघितलं. "ही बॅट हाय का नांगर? आमची घे."

त्याच्याच बॅटने मी अकरा रन काढले. कप आमच्या गावात राहिला.

तिथून आमची मैत्री झाली ती थेट तो जाईपर्यंत. हल्ली टीव्हीवर रन निघत नाहीत म्हणून चांगल्या धडधाकट बॅट्समनला परत बोलावतात, रिटायर्ड आऊट. असं झालं की बाळारामचा व्हॉइस मेसेज हजर. "बघितलंस का हिराजी? तुझ्यासाठी निदान बांध तरी फुटला होता."

मी कधी आभाराचं काढलं की म्हणायचा, "येड्या, आभार कसले? नियमच हाय तसा. मी नाय म्हटलं असतं तरी तू खेळलाच असतास."

मी मानलं. चाळीस वर्षं मानलं.

काल दहाव्याला महादू शेजारी येऊन बसला. हा त्यांचा विकेटकीपर.

"हिराजी, तो खोटं बोलायचा तुझ्याशी."

"काय ते?"

"गुरुजी नाय म्हणाले होते. याला लागलेलं नाय, हा आजारी नाय, न सांगता गेला. आता समोरचा कॅप्टन हो म्हणाला तरच खेळंल. नायतर आऊट."

"मग?"

"आम्ही सगळे ओरडलो, नाय म्हण, कप हातात हाय. तर म्हणतो कसा, त्याचे पाय बघा. एवढा चिखल कोणी हौसेने लावून घेत नाय."

माझी नजर माझ्याच पायांवर गेली.

"पुढच्या सीझनला आम्ही त्याची कॅप्टनकी काढली. पहिला हात मीच वर केला." महादू नदीकडे बघत होता. "तुला सांगायचं नाय, अशी शपथ घातली होती त्याने. आता कोणाची शपथ?"

घरी येऊन नातीला मोबाईलवर नियम शोधायला लावला. तिने मराठीत समजावून सांगितला. लागलं, आजारी पडलं किंवा टाळता न येणारं कारण आलं तर बॅट्समन परत येऊ शकतो. दुसऱ्या कशासाठी गेला तर समोरच्या कॅप्टनची परवानगी लागते. आणि जाण्याचं कारण अंपायरला कळलं पाहिजे.

नात म्हणाली, "आजोबा, बांध फुटणं टाळता येतं का?"

नाही गो बाय. पण ते गुरुजींना सांगायला मी थांबलोच नाही ना. मग सगळं येऊन पडलं एका माणसाच्या शब्दावर.

त्याने कप सोडला. कॅप्टनकी गेली. आणि मला आयुष्यभर ओझं वाटू नये म्हणून तो नियमाच्या आड जाऊन उभा राहिला. मैदानात मी खूप खेळाडू बघितले. एवढ्या उंचीचा दुसरा बघितला नाही.

बाळाराम, त्या दिवशी न सांगता गेलो, ती माझी चूक. तू निस्तरलीस.
आता तूही न सांगताच गेलास. तुला परत येऊ द्या म्हणून मी कोणाकडे जाऊन बोलू?

तुझी बॅट परत करताना पुसून दिली होती. आभार मानायचे राहिले. ते आज घे. सुखाने जा, गड्या.

दत्ता, नथू, महादू, तब्येत कशी आहे ते खाली लवकर लिहा. नुसता अंगठा नको.

आणि कुठे जायचं झालं, तर आधी सांगा.